लागेल कधीतरी

गुलमंडीच्या मागे एका अरुंद बोळात आमचे घर होते. खाली तीन खोल्या, वर एक, आणि त्या वरच्या खोलीच्याही वर, छपराच्या पोटाशी, एक माळा. त्या माळ्याला कुणी ‘अडगळ’ म्हटलेले आईला खपत नसे. “अडगळ लोकांच्या घरी असते,” ती म्हणे, “आपल्याकडे आहे ती ठेवण.” या ठेवणीत काय नव्हते ते विचारा! कल्हई उडालेली परात होती, दांडा मोडलेली छत्री होती, एका पायाने अधू झालेला पाट होता, सुतळीचे गुंडे होते, एका बाजूने कोऱ्या राहिलेल्या कागदांचे गठ्ठे होते, वडिलांच्या अडतदुकानातल्या लाल कापडी बांधणीच्या चोपड्या होत्या. आणि या सर्वांच्या मागे, भिंतीला टेकून, आजोबांनी अक्काच्या जन्माच्या वेळी करवून घेतलेला सागवानी पाळणा होता. प्रत्येक वस्तू शिडीवरून वर चढताना घरात एकच मंत्र म्हटला जाई : “असू दे, लागेल कधीतरी.”

न्यायाने सांगायचे तर आईच्या राज्यात ते खरोखरच लागत असे. छत्रीचे काळे कापड पिशवी होऊन मोंढ्यात जाई, आणि तिच्या काड्या कारल्याच्या वेलाला आधार होत. कोऱ्या बाजूंवर मी गणिते केली. पुढे शाळेत मास्तर झालो त्यात त्या कागदांचा वाटा आहे. लुगड्याला तर आमच्या घरी पाच जन्म असत. आधी ते लुगडे असे, मग माझ्या बहिणीचा परकर, मग कुणाच्या तरी बाळाचे दुपटे, मग वाकळीतला एक थर आणि अखेरीस पोतेरे. ज्या कपड्यांना हे पाच जन्म लाभत नसत, ते बोहारणीच्या टोपलीत जाऊन त्यांच्या बदल्यात एखादे पातेले घरात येई. पाळणा तर वर्षातून सहा महिने माळ्यावर नसेच. बोळातल्या निम्म्या पोरांची बारशी त्यात झाली. कुणाकडे बाळंतपण आले की आई आपण होऊन निरोप धाडी, “पाळणा घेऊन जा, दोऱ्या तेवढ्या नव्या लावा.”

दिवाळीच्या आधी आठ दिवस सगळा माळा अंगणात उतरे. झटकणे, पुसणे, ऊन देणे झाले की तीन ढीग पडत : एक घरात वापरायचा, एक कुणाला तरी द्यायचा आणि एक पुन्हा वर जाण्याचा. हा तिसरा ढीग सर्वांत लहान असला पाहिजे, असा आईचा दंडक होता. मग लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नव्या केरसुणीला हळदकुंकू लागे. अलक्ष्मीला बाहेर काढल्यावाचून लक्ष्मी आत येत नाही, हे आम्हाला कुणी पुस्तकातून शिकवले नाही. आम्ही ते त्या अंगणात खोकत खोकत शिकलो.

पण शिकलेले सगळेच अंगी लागते असे नाही. मंत्र तेवढा माझ्याकडे वारसाहक्काने आला. शिडी आली नाही.

२०१९ सालच्या उन्हाळ्यात ते घर पाडायचे ठरले. घर मोडकळीस आले होते, आई-वडील जाऊन काही वर्षे झाली होती, आणि एका बांधकामवाल्याने जागेच्या बदल्यात नव्या इमारतीत दोन बिऱ्हाडे देऊ केली होती. “दीड वर्षात चावी हातात,” असे तो म्हणाला. दीड वर्ष म्हणजे काय, असे म्हणत आम्ही सिडकोत दोन खोल्यांचे घर भाड्याने घेतले. पण माळ्याचे काय करायचे? आमच्या सौ.ने स्पष्ट सांगितले की या दोन खोल्यांत एकतर त्या वस्तू राहतील, नाहीतर ती. तेव्हा कुणीतरी चिकलठाण्याकडच्या एका वखारीचे नाव सुचवले.

‘वखार’ हा शब्द आपल्याला परका नाही. इंग्रजांची सुरतेची वखार आपण इतिहासात पाठ केली. लाकडाची वखार एकेकाळी प्रत्येक पेठेत होती. राज्याचे वखार महामंडळ १९५७ सालचे. शेतकरी आपला माल त्याच्या गुदामात ठेवतो आणि त्या पावतीवर कर्जही काढू शकतो. पण परात, पाट आणि पाळणा यांच्यासाठी वखार, ही नवी गोष्ट होती. हे खूळ अमेरिकेतले. तिकडे १९६० च्या दशकापासून लोक घरात न मावणारे सामान महिन्याच्या भाड्याने खोली घेऊन ठेवू लागले, आणि आज त्या एका देशात अशा वखारी पन्नास हजारांहून अधिक आहेत. मोठाल्या घरांच्या त्या देशात माणसांना घर पुरत नाही, हे वाचून मला पूर्वी गंमत वाटे. पुढे मुंबई-पुण्यातही त्या निघाल्या. आणि मग एके दिवशी मीच टेंपो घेऊन एका पत्र्याच्या शेडसमोर उभा राहिलो.

या वखारीचे मालक वाळूजच्या कारखान्यात अनेक वर्षे फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी हे बंद पडलेले गुदाम घेतले आणि आत पत्र्याच्या भिंती घालून लहान-मोठ्या खोल्या पाडल्या. खिशाला पेन, डोक्याला पांढरी टोपी, हातात जाडजूड नोंदवही. सगळे त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो.

मी तयारीने गेलो होतो. नवी कोरी पुठ्ठ्याची खोकी, थर्माकोलचे तुकडे आणि फुगे-फुगे असलेल्या प्लॅस्टिकची एक भलीमोठी गुंडाळी. मामांनी ते सगळे एकदा पाहिले आणि मला विचारले, “सर, हे दुकानदार परत घेईल का?”

“का बरे?”

“इथं लागत नाही. कामून पैसे घालता?”

मग त्यांनी मला आत नेले. एका कोपऱ्यात घडी केलेल्या खोक्यांची थप्पी होती. ही खोकी कारखान्यांत सुटे भाग घेऊन येतात. सात पदरांची, माणूस उभा राहिला तरी दबणार नाहीत अशी. रिकामी झाली की त्यांना रद्दीचा भाव. मामा ती तिथूनच उचलत. प्रत्येक खोक्याच्या झाकणावर पेन्सिलीच्या उभ्या रेघा होत्या. कुणावर दोन, कुणावर चार. एक गिऱ्हाईक गेले की एक रेघ. खोके मऊ पडले, कोपरे फुटू लागले, की मगच त्याची रवानगी रद्दीत आणि तिथून कागदाच्या गिरणीत. मला वाटले, हा चिक्कूपणा आहे. पण मामांनी फिटरच्या बोटांनी पुठ्ठ्याचा एक तुकडा फाडून त्याचे तंतू दाखवले. दर वेळी लगदा केला की हा धागा आखूड होतो. पाच-सात खेपांनंतर त्याच्यात जीव राहत नाही. शिवाय लगदा करायचा म्हणजे पाणी आले, विस्तव आला. “म्हणून मोडून नवं करण्याआधी आहे तसंच जितकं वापरता येईल तितकं वापरायचं. मोडणं हा शेवटचा उपाय, सर.” तीस वर्षे मी मुलांना विज्ञान शिकवले, पण हे एवढे सोपे करून मला सांगता आले नसते.

प्लॅस्टिकच्या जागी त्यांच्याकडे गोणपाट होते, जाधववाडीच्या बाजारातून आणलेले. आणि जुन्या चादरी व वाकळी होत्या. लाकडी वस्तू प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली की आत दमटपणा कोंडतो आणि बुरशी धरते. वाकळीला श्वास असतो. कपड्यांत डांबराच्या गोळ्यांऐवजी वेखंड आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला. सगळे सामान जमिनीपासून वीतभर उंच, कारखान्यांतून टाकून दिलेल्या लाकडी पॅलेटींवर. आणि भिंतीपासून हातभर दूर, म्हणजे वाळवी चढू लागली तर दिसते. छपराचे काही पत्रे पारदर्शक बसवले होते, त्यामुळे दिवसा दिवा लागत नसे. छपराचे पाणी पन्हळीतून एका टाकीत येई. चार हजार चौरस फुटांचे छप्पर. एक इंच पाऊस पडला तर नऊ हजार लिटर पाणी. ज्या शहरात तेव्हा नळाला काही दिवसांआड पाणी येई, तिथे या हिशेबाचे मोल सांगायला नको.

फाटकाजवळ एक फडताळ होते. खोली सोडून जाणाऱ्याने नको असलेली धड वस्तू त्यात ठेवायची. ज्याला हवी त्याने वहीत नोंद करून न्यायची. शेजारी एक लोखंडी पिंप होते, ते बिघडलेल्या रेडिओंचे आणि चार्जरांचे. तारा जाळून तांबे काढणाऱ्यांना मामा त्यातले काही देत नसत. पिंप भरले की नोंदणीकृत केंद्राकडे स्वतः पोचवत.

“एवढी उस्तवार कशासाठी, मामा?” मी विचारले. “तुम्हाला तर भाडे मिळाले म्हणजे झाले.”

मामा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “आमचं गाव नारेगावच्या बाजूचं.”

पुढे त्यांना काही सांगावे लागले नाही. २०१८ सालचा फेब्रुवारी या शहरातला कुणी विसरलेला नाही. कित्येक वर्षे शहराचा सगळा कचरा नारेगावच्या मैदानावर जाऊन पडत होता. डोंगर वाढत होता, धूर निघत होता, आसपासच्या विहिरी नासल्याची ओरड होती. आणि आम्ही शहरवासी सकाळी डबा दाराबाहेर ठेवून निश्चिंत होत होतो. त्या फेब्रुवारीत गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. मग आठवडेच्या आठवडे कचरा आमच्याच रस्त्यांवर साचत राहिला. नवी जागा शोधायला गाड्या मिटमिट्याकडे वळल्या, तेव्हा मार्चमध्ये तिथे दगडफेक झाली, जाळपोळ झाली. पुढे चिकलठाणा, पडेगाव, कांचनवाडी येथे प्रक्रियेची केंद्रे उभी राहिली. कांचनवाडीला ओल्या कचऱ्यापासून गॅस होऊ लागला. पण त्या दिवसांत नाकाला रुमाल लावून चालताना या शहराला पहिल्यांदा समजले की ‘बाहेर टाकणे’ नावाची जागा जगात कुठेही नाही. जे आपल्या दारातून बाहेर जाते, ते कुणाच्या तरी दारात जाते.

खरे तर हे या शहराला नव्याने समजायचे कारण नव्हते. मलिक अंबराने १६१० मध्ये खडकीची वस्ती वसवली, आणि डोंगरातले पाणी नहरींनी घरोघर आणले. पुढे अठराव्या शतकात त्याच तऱ्हेच्या पाण्यावर पाणचक्की फिरू लागली. ते पाणी आधी चाक फिरवून पीठ दळून देई, मग हौदात साठे, आणि हौदाखालच्या दालनात बसलेल्यांना गारवा देई. एकाच पाण्याला तीन कामे! आणि दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागझीपुरा लागतो. तिथे शतकानुशतके जुन्या चिंध्या आणि रद्दी कुटून हातकागद केला गेला. फाटक्या धोतराच्या पोटी फर्माने जन्माला आली. आईने लुगड्याला पाच जन्म दिले ते काही आकाशातून पडलेले शहाणपण नव्हते. ते या मातीचेच होते.

असो. मी खोली घेतली. आठ बाय दहा फूट, भाडे महिना बाराशे रुपये. चोपड्यांचे खोके मी भिंतीला चिकटवून ठेवले, कारण तेवढीच जागा उरली होती. मामांनी ते पाहून मान हलवली; मी म्हटले, “महिनाभराने येऊन सरकवतो.” पाळणा सर्वांत आत, सर्वांत सुरक्षित. कुलूप माझे, किल्ली माझी. घरी आलो आणि फार हलके वाटले.

त्या डिसेंबरात अक्काच्या लेकीला मुलगा झाला. अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, पदमपुऱ्यात राहते. तिचा फोन आला. “अरे, बारशाला आपला पाळणा हवा. माझ्या नातवाला त्यात घालायचं आहे.”

मी काय म्हणालो ते मला अक्षरश: आठवते. विसरता आले असते तर बरे झाले असते. “अक्का, तो अगदी मागे आहे. सगळं सामान बाहेर काढावं लागेल. दोन माणसं, अख्खा दिवस. आणि ने-आण करताना एखादी कडी मोडली तर? नवं घर होऊ दे, मग नीट काढू. आत्ता आहे तिथे सुरक्षित आहे.”

“बरं,” अक्का म्हणाली.

बारशाला मी गेलो. लोखंडी नळ्यांचा, निळ्या जाळीचा पाळणा भाड्याने आणला होता. त्याला झेंडूच्या माळा लावल्या होत्या. “गोविंद घ्या, गोपाळ घ्या” झाले, पेढे झाले. अक्का मला काही बोलली नाही. पण त्या दिवसानंतर तिच्या बोलण्यात एक शिष्टाचार आला. आणि बहिणीच्या बोलण्यात शिष्टाचार आला, की भावाने समजावे.

मग टाळेबंदी आली, बांधकाम थांबले. टाळेबंदी उठली तरी ते थांबलेलेच राहिले. भाडे मात्र न चुकता जात होते. दरवर्षी दसऱ्याच्या आधी मामांचा सगळ्या गिऱ्हाइकांना निरोप येई : “दिवाळी आली. आपली खोली एकदा उघडून पाहा. लागत नसेल ते सोडा. लहान खोली हवी असल्यास मिळेल.” ज्याचे पोट भाड्यावर, त्यानेच भाडे कमी करण्याचा आग्रह धरावा, हे मला विचित्र वाटे. तीन वर्षे तो निरोप मी वाचला आणि म्हटले, “असू दे.”

२०२३ च्या सप्टेंबर-अखेरीस भाडे द्यायला गेलो तर मामांनी पावती लिहिता लिहिता वही माझ्याकडे फिरवली. बावन्न महिने झाले होते. बावन्न गुणिले बाराशे म्हणजे बासष्ट हजार चारशे रुपये.

“सर, राग मानू नका,” ते म्हणाले. “खोलीत बासष्ट हजारांचं काय आहे?”

मला राग आला. मी म्हटले, “मामा, काही वस्तूंची किंमत पैशात होत नसते.”

“तेच म्हणतो मी. मग त्या वस्तू इथं काय करू लागल्या?”

मी पावती खिशात घालून निघालो. पावतीवर शहराचे नवे नाव होते, छत्रपती संभाजीनगर. आत माझ्या खोक्यांवर मीच खडूने घातलेले जुने. नावही बदलून झाले होते आणि मी एकदाही कुलूप उघडले नव्हते. बसमध्ये बसल्यावर राग उतरला आणि तो प्रश्न तेवढा उरला. रात्री अक्काला फोन केला. “येशील का माझ्याबरोबर?” एवढेच विचारले. ती पुष्कळ वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “डबा घेऊन येते.”

आमच्या मराठवाड्यात पूर्वी धान्याची पेवे असत, तशीच हरिपूरला हळदीची. जमिनीच्या पोटातला तो खोल खड्डा उघडला की कुणी लगेच आत उतरत नसे. कोंडलेल्या हवेने माणूस दगावे. आधी तोंड उघडून वारा खेळू देत, आणि मगच पाय टाकत. खोलीचे कुलूप उघडल्यावर मामांनी आम्हाला बाहेरच खुर्च्या दिल्या. “जरा हवा जाऊ द्या,” म्हणाले. आम्ही दोघे तसेच बसलो. आतल्या आणि आमच्यातल्याही हवेला वाट मिळायला तेवढा वेळ लागला.

मग आम्ही आईसारखे तीन ढीग घातले. परात धड होती. अक्का म्हणाली, कल्हई करून घेते. पितळेचे दोन हंडे आमच्या सौ.ने आधीच मागितले होते. सुतळी कुजली होती. जुना टीव्ही पिंपाशेजारी गेला. मी जपलेल्या वीस वर्षांच्या दिवाळी अंकांचा गठ्ठा फडताळात ठेवला. आम्ही डबा खाईपर्यंत त्यातले सात गेलेही होते. भिंतीला चिकटवलेले खोके मी स्वतः उघडले. वाळवीने वडिलांच्या चोपड्यांचे आतून मातीचे घर केले होते. वरून लाल बांधणी शाबूत, आत बोट घातले तर भुगा. चार वर्षे मी ज्याचे भाडे भरत होतो, ते कधीच गेले होते. मामा दारात उभे होते. त्यांनी ‘मी सांगितले होते’ असे म्हटले नाही. म्हणाले असते तर बरे वाटले असते.

एक चोपडी तेवढी वाचली होती. अक्काने ती पदराने पुसून पिशवीत टाकली.

वाकळीत गुंडाळलेला पाळणा सर्वांत शेवटी बाहेर आला. दोऱ्या पार विरल्या होत्या. पण लाकडाला ओरखडा नव्हता, पितळी कड्या चारही शाबूत. मी मूर्खासारखा म्हणालो, “बघ अक्का, अगदी जसाच्या तसा आहे.”

“हो ना,” अक्का म्हणाली. “पोरगं मात्र चार वर्षांचं झालं.”

ती पाळण्याशेजारी पॅलेटीवर बसली आणि खालच्या फळीवरून हात फिरवू लागली. तिथे बारीक खुणा होत्या. खिळ्याने ओढलेल्या उभ्या रेघा. मी लहानपणापासून त्या पाहिल्या होत्या आणि त्या सुताराच्या चुका आहेत असे समजत आलो होतो. “आईनं ओढलेल्या आहेत,” अक्का म्हणाली. “पाळणा बाहेर जाऊन परत आला की एक रेघ. मोजून बघ.” मी मोजल्या. तेवीस होत्या. मामांनी वाकून त्या पाहिल्या, मग खोक्यांच्या थप्पीकडे पाहिले, आणि ओळखीचा माणूस भेटावा तसे हसले.

मी म्हटले, “अक्का, तू घेऊन जा. आता तरी.”

“मी नेऊन कुठे ठेवू? माझ्या माळ्यावर?” तिने डोळे पुसले. रागाने की कशाने, मला कळले नाही. “तू चार वर्षं ठेवलास, आता मी चार वर्षं ठेवते. त्यानं काय होणार आहे?” मग ती मामांकडे वळली. “मामा, तुमच्या चादरी तुम्ही नोंद करून देता ना? तसा हा देता येईल का? ज्याच्या घरी लागेल त्यानं न्यावा. काम झालं की परत आणावा. दोऱ्या तेवढ्या नव्या लावाव्यात.”

मामांनी वही उघडली. नवे पान घेतले. वर ‘पाळणा, सागवानी, कड्या ४’ असे लिहिले आणि खाली रकाने आखले : नेल्याची तारीख, आणल्याची तारीख. मालकाच्या रकान्यात काय लिहू, असे त्यांनी विचारले. मी अक्काकडे पाहिले, अक्काने माझ्याकडे. “आईचं नाव लिहा,” ती म्हणाली.

तिसरा ढीग उरलाच नाही. त्या महिनाअखेर मी खोली सोडली. मामांचे बाराशे रुपये बुडाले. पण त्यांच्याकडे आठवड्यात दुसरे बिऱ्हाड आले. एका मुलीला दोन वर्षांसाठी परगावी बदली झाली होती. तिला सामान ठेवायला खरोखरच जागा हवी होती. वखार वाईट नसते. मुक्कामापुरती ती धर्मशाळेसारखी आहे. घर सोडून धर्मशाळेतच कुणी जन्म काढू लागला, तर त्यात धर्मशाळेचा काय दोष?

जाताना माझी सात खोकी घडी करून मी थप्पीत ठेवली आणि मामांच्या पेन्सिलीने प्रत्येकावर एक एक रेघ ओढली.

त्या वर्षी लक्ष्मीपूजनाला अक्का आमच्याकडे आली. बरोबर नातू होता. आईची वाकळ त्याने घरभर ओढत नेली, तिचा तंबू केला, त्यात फराळ सांडला. आमच्या सौ.चा जीव वरखाली होत होता. मी म्हणालो, “असू दे.” आणि या वेळी ते म्हणताना मला पुढचे दोन शब्द म्हणावे लागले नाहीत.

पाळणा तेव्हापासून फिरतो आहे. कधी बीड बायपासच्या मजुरांच्या वस्तीत, कधी एखाद्या वकिलांच्या बंगल्यात. मध्यंतरी मामांचा फोन आला, “सर, तो परत आला. एक कडी जरा ढिली झाली होती, मी बसवली.” मी विचारले, “किती जागा अडवतो? त्याचे काही भाडे देऊ का?”

“भाडं कशाचं?” मामा म्हणाले. “उद्याच जायचा आहे. गारखेड्याला.”